मिलो, जुवार आणि जालन्याची भाकरी

ज्यांना इअरफोन लावून ऐकणं जमत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लेखी रूप. माझं अडखळणं तेवढं काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय इतिहासाचाच आहे, पण किल्ला नाही, लढाई नाही. किराणा दुकान. तेही शिकागोतलं.

2023 मध्ये मी कंपनीच्या कामासाठी सहा महिने शिकागोजवळ होतो. पहिल्याच शनिवारी टीममधल्या एकाच्या गाडीतून 'इंडियन स्टोअर'ला गेलो. दार उघडलं आणि हिंग, अगरबत्ती, कोथिंबीर असा सगळा वास एकदम अंगावर आला. जालन्यात मोंढ्याजवळच्या दुकानात उभा आहे असं क्षणभर वाटलं. मग एकेक गोष्ट खटकायला लागली. तूरडाळ दोन प्रकारची, एक साधी आणि एक 'ऑइली', म्हणजे एरंडेल लावलेली. आमच्या घरी असली डाळ मी कधी बघितली नव्हती. शेव, खाखरा, थेपले यांच्या रांगाच्या रांगा. येसर कुठंच नाही. आणि ज्वारीच्या पिठाच्या पाकिटावर लिहिलेलं, 'जुवार'.

आईला व्हिडिओ कॉल लावला. ती म्हणाली, "जुवार म्हणजे ज्वारीच ना रे? नीट बघून घे."

ज्वारीच होती. पण मग तिचं नाव गुजराती का? याचं उत्तर अमेरिकेच्या कायद्यात सापडतं.

1946 च्या कायद्यानं भारतासाठी वर्षाला फक्त 100 जणांचा कोटा ठेवला होता. हो, शंभरच. एवढ्या लोकांसाठी कोण दुकान काढणार? न्यूयॉर्कमध्ये 1944 पासून 'कलुस्तियान्स' नावाचं दुकान होतं, तिथं पुढं भारतीय लोक मसाले घ्यायला जायचे. ते सुरू केलं होतं एका आर्मेनियन माणसानं. 1965 मध्ये कायदा बदलला, देशानुसार ठरवलेले जुने कोटे गेले, आणि डॉक्टर, इंजिनिअर मोठ्या संख्येनं यायला लागले. त्यात मराठी माणसंही होती. शिकागोत त्यांनी 1969 मध्ये महाराष्ट्र मंडळ काढलं. पाच वर्षांनी, 1974 मध्ये, त्याच शहरात डेव्हॉन अ‍ॅव्हेन्यूवर मफतभाई पटेल आणि त्यांचे भाऊ तुलसी यांनी छोटंसं दुकान उघडलं, 'पटेल ब्रदर्स'. आज त्यांची 50 हून जास्त दुकानं आहेत आणि 'स्वाद' हा त्यांचाच ब्रँड.

थोडक्यात, आपण मंडळ काढलं आणि त्यांनी दुकान काढलं. हसू नका, मी तक्रार करत नाहीये. गणेशोत्सवाला लागणारा गूळ आणि रवा शेवटी कुठून तरी आणावाच लागतो! पण फळी जो भरतो, नावं त्याच्या घरातली लागतात, एवढं त्या जुवारच्या पाकिटावरून मला कळलं.

इथवर मला वाटत होतं की गोष्ट एकाच दिशेनं जाते: आपलं धान्य, आपली माणसं, तिकडं. आजीनं ते मोडून काढलं. अमेरिकेत ज्वारी मिळाली हे ऐकून ती म्हणाली, "त्यात काय नवल? अमेरिकेची ज्वारी आम्ही कधीच खाल्लीय."

ती बोलत होती 1972 च्या दुष्काळाबद्दल. तेव्हा जालना वेगळा जिल्हा नव्हता, तो झाला 1 मे 1981 ला. मराठवाड्यात विहिरी आटल्या, पेरलेलं उगवलं नाही. लाखो माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडायला, पाझर तलाव खोदायला गेली. तिथं सुकडी मिळायची. याच कामांच्या अनुभवातून पुढं रोजगार हमीचा 1977 चा कायदा आला. आणि रेशनवर आली अमेरिकेची लाल ज्वारी, मिलो. जुन्या माणसांना नुसतं 'मिलो' म्हणून बघा, चेहरा बदलतो. आजी सांगते, भाकरी तांबडी व्हायची, घशाखाली उतरायची नाही, पण लेकरं रडायची म्हणून थापायचीच.

ज्वारी मूळची आफ्रिकेतली. अमेरिकेत आजही ती कॅन्सस, टेक्सासकडं प्रचंड पिकते, पण बहुतेक जनावरांच्या चाऱ्याला आणि इथेनॉलला जाते. म्हणजे तिकडचं जनावरांचं खाद्य आपल्या ताटात आलं होतं. आजीला हे मी सांगितलं नाही. तिला बहुतेक माहीतच आहे.

मी तिथं असतानाच, 20 जुलै 2023 ला, भारतानं बासमती सोडून पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. दोन-तीन दिवसांत दुकानांत सोना मसुरीसाठी झुंबड उडाली, काही ठिकाणी एका घराला एकच बॅग. अमेरिकेत राहून रेशनची रांग! माझे तेलुगू सहकारी सुट्टी टाकून धावले. ती बंदी सप्टेंबर 2024 मध्ये उठली. ज्वारीच्या फळीपुढं मात्र कुणी नव्हतं, मी एकटाच.

आणि माझी भाकरी? तव्यावर टाकायच्या आधीच तुकडे. आई म्हणाली, "पीठ जुनं आहे, विरी गेलीय त्याची." दळल्यापासून कंटेनर, गोदाम, फळी असे महिने गेलेले. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, त्यामुळं पीठ शिळं झालं की ते धरत नाही. मग तिनं उकळत्या पाण्यात उकड काढायला लावली. चौथी भाकरी कशीबशी गोल झाली, पण फुगली नाही. तरी फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. आजीनं एवढंच विचारलं, "लाल आहे का पांढरी?"

परत आलो तेव्हा शेतात सोयाबीन आणि कापूस उभा होता. खरिपाची ज्वारी आम्ही कधीच सोडलीय. आई आता पीठ दुकानातून आणते. पाकिटात.

तुमच्या घरी कुणाला मिलो आठवत असेल तर त्यांच्याच आवाजात व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात लावतो. भेटू.