बिडकीनच्या वाटेवर माल कोणी भरला?

१/१२
छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाताना वाटेत बिडकीन लागते. २९ सप्टेंबर २०२४ रोजी येथील ७,८५५ एकरांचे औद्योगिक क्षेत्र राष्ट्राला अर्पण झाले. तेथील रस्त्यांची आणि भूखंडांची वर्णने पुष्कळ झाली. मात्र या वाटेने दोन हजार वर्षे माल जात आला आहे, आणि तो गाडीत चढवणाऱ्यांचा इतिहास क्वचितच सांगितला जातो. हा धागा त्यांच्याविषयी.

२/१२
इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवृत्तात पैठणचा उल्लेख आहे. भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या अंतरावर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचे तेर, असे तो सांगतो. पैठणहून मौल्यवान खडे आणि तगरहून कापड गाड्यांत भरून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून बंदराकडे जाई. मालाची नोंद आहे, अंतराची आहे. भरणाऱ्यांविषयी एक शब्दही नाही.

३/१२
मध्ययुगात दख्खनची अवजड वाहतूक बंजाऱ्यांच्या तांड्यांनी केली. सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचे वर्णन करतो. धान्य आणि मीठ गोणींत भरून बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लादले जाई. दोन्ही बाजूंचा भार समान नसेल तर बैलाची पाठ सोलवटे. मुक्कामी गोणी उतरवायच्या आणि निघताना पुन्हा लादायच्या, हा रोजचा क्रम होता. म्हणजे भरणे हे बळाइतकेच अंदाजाचेही काम होते.

४/१२
सन १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यातील हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे औरंगाबादमार्गे मनमाडला पोहोचली. ही लोहवाट मीटर गेजची होती. मनमाडहून मुंबईकडे जाणारी मात्र ब्रॉड गेजची. एकीचे डबे दुसरीच्या रुळांवर चालू शकत नसत. परिणामी मराठवाड्यातून मुंबईस जाणारे धान्य आणि कापूस मनमाडला एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरावे लागत.

५/१२
रुळांच्या रुंदीतील ही तफावत हमालांच्या पाठींनी भरून काढली. १९९० च्या दशकात मनमाड-औरंगाबाद मार्ग ब्रॉड गेज झाला, तोवर सुमारे नव्वद वर्षे हे चालले. अभियंत्यांचा निर्णय कागदावर एका ओळीचा असतो. त्याची किंमत पिढ्यान्‌पिढ्या फलाटावर मोजली जाते.

६/१२
'हमाल' हा शब्द ओझे वाहणे या अर्थाच्या अरबी धातूपासून आला. 'माथाडी' म्हणजे माथ्यावर भार वाहणारा. बाजारपेठेत त्यांच्यासोबत तोलणार, मापाडी, वारणार आणि पालेदार असत. मजुरी नगावर किंवा पोत्यावर ठरे. गाडी येईपर्यंत थांबण्याचे पैसे नव्हते. शंभर किलोचे पोते सर्रास पाठीवर येई. मान किंवा कंबर गेली की काम संपले. मालक कोण, हेच सांगता येत नसे.

७/१२
हा शेवटचा प्रश्न कळीचा होता. एकच हमाल सकाळी एका आडत्याचा आणि दुपारी दुसऱ्याचा माल भरी. त्यामुळे कोणीही त्याचा धनी ठरत नसे. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी १९५० च्या दशकात हमाल पंचायत उभी केली. तिच्यातूनच १९७४ मध्ये 'कष्टाची भाकर' केंद्र सुरू झाले. मुंबईच्या बंदर आणि बाजार भागांत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडींना संघटित केले.

८/१२
त्यातून १९६९ चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा आला. त्याची युक्ती साधी होती. मालक एक नसेल तर मंडळ स्थापावे. त्यात मालक, कामगार आणि शासन या तिघांचे प्रतिनिधी असावेत. मालकाने मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मंडळाकडे भरावी. त्यातून भविष्य निर्वाह निधी, उपदान, बोनस, रजा आणि औषधोपचार यांची तरतूद व्हावी. हमाल प्रथमच नोंदवहीत आला.

९/१२
त्याच सुमारास जगात दोन बदल घडत होते. २६ एप्रिल १९५६ रोजी नेवार्कहून ह्यूस्टनकडे ५८ कंटेनर घेऊन एक जहाज निघाले आणि बंदरांतील हातभरणी ओसरू लागली. १९६७ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने प्रौढ पुरुषाने हाताने वाहण्याच्या ओझ्यासाठी ५५ किलोंच्या कमाल मर्यादेची शिफारस केली. भारतातही पुढे ५० किलोंचे पोते रुळले.

१०/१२
पार्सलच्या ट्रकने मात्र घड्याळ उलटे फिरवले. कंटेनरला माप एकच. पार्सलला मापच नाही. शेजारी-शेजारी चपलांचा खोका, पाण्याची टाकी आणि काचेची चौकट येते. जो माल शेवटी उतरायचा, तो आधी भरावा लागतो. जड खाली, नाजूक वर. पण पट्ट्यावरून पार्सले येतात ती या क्रमाने नव्हे, तर जशी पोहोचतील तशी. खाली घालायचे जड खोके अखेरीस येते आणि रचलेली भिंत पुन्हा मोडावी लागते. त्यातच मराठवाड्याच्या मे महिन्यात ट्रकचा पत्र्याचा डबा भट्टीसारखा तापतो.

११/१२
भरणाऱ्याचा वैताग येथूनच उपजतो. बैलाची गोण लादणाऱ्याला पुढचा मुक्काम ठाऊक असे, म्हणून तो आपल्या अक्कलहुशारीने भार बसवी. येथे क्रम यंत्र ठरवते आणि उशिराचा जाब माणसाला द्यावा लागतो. ट्रकवाल्याची तक्रार वेगळी: वाराईचा खर्च त्याच्या माथी येतो, म्हणून वाहतूकदारांनी 'ज्याचा माल, त्याचा हमाल' ही घोषणा दिली. माल तिसऱ्याचा असताना हमाल आणि चालक आपसांत भांडत राहतात.

१२/१२
२०२३ मध्ये माथाडी कायद्यात सुधारणा करणारे विधेयक विधिमंडळात मांडले गेले. खंडणीखोरीला आळा घालणे हा त्यामागील हेतू सांगितला गेला. संरक्षणाची कक्षा आक्रसेल या भीतीने माथाडी संघटनांनी त्यास विरोध केला. बिडकीनसारख्या नव्या क्षेत्रांत कारखान्यांमागोमाग गोदामेही येतात, आणि गोदामांत बरेचदा ठेकेदारामार्फत माणसे घेतली जातात. प्रत्येक खोक्यावर आज बारकोड असतो. ते कोठून निघाले, कोठे पोहोचले, हे क्षणात कळते. ते उचलणाऱ्याचा धनी कोण, हा १९६९ चा प्रश्न मात्र पुन्हा विचारावा लागत आहे.