हे गाणं वाजणार कशावर?

१९९९ च्या अखेरीस सोनीने मेमरी स्टिकवर चालणारा वॉकमन बाजारात आणला. आत कॅसेट नाही, सीडी नाही, फिरणारा एकही भाग नाही. ज्या कंपनीने १९७९ मध्ये चालता चालता गाणी ऐकायची सवय जगाला लावली, तिच्याकडून लोकांना हेच हवं होतं. अडचण एकच होती. तोवर जगभरच्या कॉम्प्युटरांवर गाणी ज्या स्वरूपात साठत होती, ती एमपी३ फाइल हे यंत्र वाजवतच नव्हतं. त्याला सोनीचं स्वतःचं ॲट्रॅक३ लागायचं. म्हणजे आधी सोनीचं सॉफ्टवेअर टाका, त्यातून एमपी३ गाणी ॲट्रॅकमध्ये बदलून घ्या, मग ती वाचनालयातलं पुस्तक न्यावं तशी वॉकमनवर ‘चेक-आउट’ करा. एका गाण्याच्या अशा किती प्रती बाहेर काढायच्या, यावरही मर्यादा.

आज आपण फाइल आली की बोट टेकवतो आणि ती वाजते. त्यामुळे हा सगळा खटाटोप विनोदी वाटतो. पण गाणं ‘वाजत नाही’ यामागे दर वेळी तांत्रिक कारण असतं, असं नाही. बऱ्याचदा ते कुणीतरी ठरवलेलं असतं. कुणी आणि का ठरवलं, त्याचा हा थोडा इतिहास.

आधी हिशेब मांडू. सीडीवरचा आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० मोजमापं, प्रत्येक मोजमाप १६ बिटचं, आणि डावा-उजवा असे दोन चॅनेल. गुणाकार केला तर सेकंदाला १४,११,२०० बिट, मिनिटाला साधारण १० एमबी. पाच मिनिटांचं गाणं पन्नास एमबीच्या वर. नव्वदच्या दशकातल्या ५६ केबीपीएसच्या मोडेमवर पूर्ण वेग मिळाला, तरी ते उतरायला दोन तास. तेच गाणं १२८ केबीपीएसच्या एमपी३मध्ये बसवलं, तर पाच एमबीच्या आत आणि अकरा-बारा मिनिटांत घरी.

ही किमया जर्मनीतल्या एर्लांगनमध्ये झाली. तिथल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांचे सहकारी १९८० च्या दशकात एका साध्या निरीक्षणावर काम करत होते : आपल्या कानाला सगळं ऐकूच येत नाही. शेजारी ढोल वाजत असताना कुणी कुजबुजलं तर ती कुजबुज हवेत असते, पण आपल्यापर्यंत पोचत नाही. मग ती साठवायची कशाला? ब्रांडेनबुर्ग यांनी चाचणीसाठी सुझान व्हेगा हिचं ‘टॉम्स डायनर’ हे वाद्यांविना गायलेलं गाणं वापरलं. सुरुवातीच्या आवृत्त्यांत त्या एकट्या आवाजाची पार वाट लागायची. वाद्यांच्या गोंगाटात चुका लपतात, एकट्या गळ्यात लपत नाहीत.

एमपेग या आंतरराष्ट्रीय समितीने आवाजासाठी एक नाही, तीन प्रकार मान्य केले : लेअर १, २ आणि ३. फिलिप्ससारख्या कंपन्यांचा जोर लेअर २ वर होता. तो उलगडायला सोपा, म्हणून चिपही स्वस्त. डिजिटल रेडिओने तो घेतला, व्हीसीडीने तो घेतला. आपल्याकडे सिनेमांच्या आणि लग्नांच्या ज्या व्हीसीडी घरोघरी होत्या, त्यांतला आवाज लेअर २ चाच. लेअर ३ गुंतागुंतीचा म्हणून मागे पडला. मोठं गिऱ्हाईक न मिळाल्यामुळे तो इंटरनेटकडे वळला. १४ जुलै १९९५ रोजी फ्राउनहोफरच्या लोकांनी फाइलच्या नावाचं शेपूट पक्कं केलं : डॉट एमपी३.

१९९८ मध्ये कोरियाच्या सेहान कंपनीचा एमपीमॅन आला, आणि त्याच वर्षी अमेरिकेत डायमंड कंपनीचा रिओ. रिओत जागा ३२ एमबी, म्हणजे जेमतेम अर्ध्या तासाची गाणी. तरीही अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांची संघटना कोर्टात गेली. जून १९९९ मध्ये अपील कोर्टाने रिओच्या बाजूने निकाल दिला. आपल्याच गाण्यांची प्रत एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नेणं हा वैयक्तिक वापर आहे, असं कोर्टाचं म्हणणं. त्यासाठी कोर्टाने आधार घेतला तो १९८४ च्या एका निकालाचा. टीव्हीवरचा कार्यक्रम व्हीसीआरवर टेप करून नंतर बघण्याचा ग्राहकाचा हक्क त्या निकालाने मान्य केला होता, आणि तो खटला हॉलिवूडविरुद्ध लढून जिंकलेली कंपनी होती सोनी.

मग त्याच सोनीने त्याच १९९९ मध्ये एमपी३ न वाजवणारा वॉकमन का आणला? मधल्या काळात, १९८८ मध्ये, सोनीने सीबीएस रेकॉर्ड्स विकत घेतली होती. एका हाताने यंत्रं विकायची आणि दुसऱ्या हाताने गाणी. यंत्र विकणाऱ्याला वाटतं, यावर सगळं वाजावं. गाणी विकणाऱ्याला वाटतं, फुकटचं काही वाजू नये. एकाच घरात दोन भाऊ दोन धंदे करत असले की जेवायला बसताना जे होतं, तेच इथे झालं.

सोनी एकटी नव्हती. रेकॉर्ड आणि यंत्र कंपन्यांनी मिळून सुरक्षित डिजिटल संगीतासाठी एसडीएमआय नावाचं एक मंडळ काढलं होतं. त्याचे प्रमुख लिओनार्दो क्यारिलिओने, म्हणजे ज्या एमपेग समितीतून एमपी३ जन्माला आलं, तिचेच संस्थापक. जन्म देणाऱ्यालाच आता लगाम घालायचा होता. सप्टेंबर २००० मध्ये मंडळाने जाहीर आव्हान दिलं : आमची खूणमुद्रा काढून दाखवा. प्रिन्स्टनचे प्राध्यापक एडवर्ड फेल्टन आणि त्यांच्या गटाने ती काढून दाखवली. २००१ मध्ये मंडळाचं काम थंडावलं.

त्याच वर्षी ऑक्टोबरात ॲपलने आयपॉड जाहीर केला. पाच जीबीची हार्ड डिस्क, हजार गाणी आणि पहिल्या दिवसापासून एमपी३. लोकांकडे जे आहे ते आधी वाजवा, मग पुढचं बघू, एवढाच शहाणपणा. सोनीच्या वॉकमनमध्ये थेट एमपी३ यायला २००४ चं वर्षअखेर उजाडलं. तोवर खिशातल्या संगीताची बाजारपेठ हातची गेली होती.

पण ॲपलला साधू मानायचं कारण नाही. एप्रिल २००३ मध्ये आयट्यून्सचं दुकान उघडलं, तिथली गाणी एएसी स्वरूपात होती. एएसी ही ॲपलची मालमत्ता आहे असा समज अजूनही आहे, पण तेही एमपेगचंच, १९९७ चं मानक. ॲपलचं होतं ते त्यावरचं कुलूप, फेअरप्ले. इथे डबा, पदार्थ आणि कुलूप वेगळे करून बघायला हवेत. डॉट एम४ए हा डबा. आतला एएसी हा पदार्थ. पदार्थ कुणालाही खाता येईल, डबा कुणालाही उघडता येईल, पण कुलपाची किल्ली फक्त ॲपलकडे आणि ती दुसऱ्या कुठल्याही प्लेअरला मिळणार नाही. २००४ मध्ये रिअलनेटवर्क्सने आयपॉडवर चालतील अशी कुलूपबंद गाणी स्वतःच बनवून विकायला काढली, तेव्हा ॲपल खवळली आणि पुढच्या अपडेटनंतर ती गाणी चालतील याची खात्री नाही, असं तिने बजावलं.

मायक्रोसॉफ्टने याच काळात ‘प्लेज फॉर शुअर’ नावाचं बोधचिन्ह काढलं. अर्थ : हे चिन्ह असलेल्या दुकानातलं गाणं हे चिन्ह असलेल्या प्लेअरवर नक्की वाजेल. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतःचा झून आणला. ‘प्लेज फॉर शुअर’वाली गाणी त्यावर वाजत नव्हती. पुढे एप्रिल २००८ मध्ये एमएसएन म्युझिकच्या गिऱ्हाइकांना कळवण्यात आलं, की किल्ल्या देणारा सर्व्हर ३१ ऑगस्टला बंद होईल. त्यानंतर कॉम्प्युटर बदललात, तर पैसे मोजून घेतलेली गाणी नव्या कॉम्प्युटरवर उघडणार नाहीत. आरडाओरडा झाल्यावर मुदत २०११ अखेरपर्यंत वाढवली. पण लोकांना कळायचं ते कळलं. फुकट उतरवलेली एमपी३ फाइल कायमची होती आणि विकत घेतलेल्या गाण्याला मात्र मुदत होती.

फेब्रुवारी २००७ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी एक जाहीर पत्र लिहिलं. त्यातला एक आकडा महत्त्वाचा आहे : सरासरी आयपॉडवरच्या हजार गाण्यांपैकी आयट्यून्समधून घेतलेली कुलूपबंद गाणी फक्त २२. म्हणजे कुलपाचं एवढं साम्राज्य उभं होतं ते उरलेल्या ९७८ बिनकुलपाच्या गाण्यांच्या जोरावर. त्याच एप्रिलमध्ये ईएमआयने कुलूप काढायला मान्यता दिली. जानेवारी २००९ मध्ये ॲपलने सगळ्याच कंपन्यांच्या गाण्यांवरून ते काढत असल्याचं जाहीर केलं.

कुलपाशिवायही एक अडसर होता, परवान्याचा. एमपी३ वाजवणाऱ्या प्रत्येक यंत्रामागे पेटंटधारकांना साधारण पाऊण डॉलर द्यावा लागे. ख्रिस मॉन्टगोमेरी आणि झिफ संस्थेने म्हणून ऑग व्हॉर्बिस हे पूर्ण मोफत स्वरूप तयार केलं. त्याची पहिली पक्की आवृत्ती २००२ मध्ये आली. मग फुकटचं घेतलं का नाही सगळ्यांनी? इथे मात्र तांत्रिक कारण खरं होतं. त्या काळच्या प्लेअरमधल्या स्वस्त प्रोसेसरला दशांश अपूर्णांकांची गणितं झेपत नसत आणि व्हॉर्बिसला मेमरीही जास्त लागे. झिफने त्याच वर्षी फक्त पूर्णांकांवर चालणारा ‘ट्रेमर’ नावाचा डिकोडर दिला. आयरिव्हरसारख्या कोरियन कंपन्यांनी व्हॉर्बिस घेतलं, बाकीच्यांनी पाऊण डॉलर भरणं पसंत केलं. व्हॉर्बिस प्लेअरमध्ये हरलं आणि पुढे स्पॉटिफायच्या पोटात गुपचूप जाऊन बसलं.

आपल्याकडे आयट्यून्स आणि झूनचं हे महाभारत फारसं पोचलंच नाही. आपली बाजारपेठ होती मोबाइल दुरुस्तीची टपरी. ‘मेमरी कार्ड भरून मिळेल’ अशी पाटी, आत एक कॉम्प्युटर, आणि त्यावर फोल्डर : भावगीतं, लावणी, भीमगीतं, कोळीगीतं, नवीन हिंदी. गाणी एमपी३, व्हिडिओ ३जीपी. टपरीवाल्याने कुठलंही मानक वाचलेलं नव्हतं, पण समोर येणाऱ्या कुठल्याही फोनवर काय चालतं हे त्याला कुठल्याही समितीपेक्षा नीट माहीत होतं. याच बाजारात ‘एमपी४ प्लेअर’ नावाची चिनी यंत्रंही मिळत. त्यांतली कित्येक खरी एमपी४ फाइल वाजवतच नसत. सोबतच्या सीडीतल्या कन्व्हर्टरने एएमव्ही नावाच्या भलत्याच स्वरूपात व्हिडिओ बदलून घ्यावा लागे. चिनी बाजारात चार हा आकडा फक्त तीनपेक्षा मोठा होता, एवढाच त्याचा अर्थ.

आमच्या घरीही अशा काळातलं एक मेमरी कार्ड होतं. त्यावर २००९ च्या सुमाराला काकांनी फोनवर रेकॉर्ड केलेल्या आजीच्या काही ओव्या होत्या. आजी गेल्यानंतर दोन-तीन वर्षांनी ते कार्ड सापडलं. फाइल दिसत होत्या, नावं दिसत होती, शेवटी डॉट एएमआर. नव्या फोनच्या म्युझिक ॲपने त्या उघडायला नकार दिला. कुणीतरी नावातलं एएमआर खोडून एमपी३ केलं. अर्थात डब्यावरची चिठ्ठी बदलून आतली भाजी बदलत नाही.

एएमआर हे मुळात फोनवरच्या बोलण्यासाठी बनवलेलं स्वरूप. १९९९ मध्ये मोबाइलची मानकं ठरवणाऱ्या ३जीपीपीने ते स्वीकारलं. सेकंदाला फक्त ८,००० मोजमापं, जास्तीत जास्त १२.२ केबीपीएस. साध्या फोनात कॉलसाठी ते असतंच, म्हणून रेकॉर्डिंगलाही तेच वापरलं जाई. जागाही कमी लागे. मी एफएफएमपेग नावाच्या मोफत प्रोग्रॅमला एका ओळीची आज्ञा दिली आणि आजी गायला लागली. हे शक्य झालं कारण एएमआरचं मानक सर्वांना वाचता येईल असं प्रसिद्ध झालेलं होतं आणि ते वाचून कुणीतरी, कुठेतरी, डिकोडर लिहून ठेवला होता. तीच फाइल एखाद्या कंपनीच्या किल्लीने बंद असती, तर मी इंजिनिअर असून काहीही करू शकलो नसतो.

सगळं मात्र परत आलं नाही. इतक्या कमी मोजमापांत चार हजार हर्ट्झच्या वरचं काहीच मावत नाही. आजी ओवी म्हणताना हाताने ठेका धरायची. तिच्या काचेच्या बांगड्यांची किणकिण त्या फाइलमध्ये नाही. ती हरवलेली नाही, मुळात घेतलेलीच नव्हती. आईने ऐकताना नेमकं तेच विचारलं. मी फ्लॅक स्वरूपात प्रती केल्या, म्हणजे निदान पुढे आणखी गळती नको. मूळ एएमआर फाइलही तशाच ठेवल्या.

एप्रिल २०१७ मध्ये पेटंटांची मुदत सरली आणि फ्राउनहोफरने एमपी३चे परवाने देणं थांबवलं. ‘एमपी३ मेलं’ अशा बातम्या तेव्हा झळकल्या. खरं तर ते त्या दिवशी सर्वांचं झालं होतं. पण तोवर आपण फाइल सोडून स्ट्रीमिंगकडे गेलो होतो. आता ‘हे गाणं वाजणार कशावर?’ हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण हातात फाइलच नाही. ॲपमध्ये ‘डाउनलोड’ केलेलं गाणं त्या ॲपबाहेर वाजत नाही, आणि वर्गणी थांबली की तिथेही नाही. १९९९ चा ‘चेक-आउट’ परत आलाय. फरक इतकाच, की तो आता सोयीचा झालाय.

बाजारातली गाणी भाड्याने ऐकायला माझी हरकत नाही. मीही ऐकतो. ती उद्या दुसरीकडे मिळतील. घरातल्या माणसांच्या आवाजांचं तसं नाही. व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोट ओपस स्वरूपात असतात. ओपसचं मानक २०१२ पासून खुलं आहे, तेव्हा त्या वीस वर्षांनी उघडतील याची मला बरीच खात्री वाटते. मात्र त्यासाठी त्या तेव्हा कुठेतरी असायला हव्यात. फोन बदलण्याआधी तो फोल्डर एकदा कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, आणि दुसऱ्या एखाद्या यंत्रावर त्यातली एक फाइल वाजवून बघा. वाजली, तर ती तुमची आहे.