आइसलँडमधील सार्वजनिक जलतरण तलाव : बालके व वृद्ध यांचा सहवास

सार्वजनिक तलावात मुले व वृद्ध एकत्र आले की कुरबुर सुरू होते, असा अनेक ठिकाणचा अनुभव आहे. मुलांना पाणी उडवावयाचे असते, वृद्धांना स्वस्थता हवी असते. आइसलँडमध्ये मात्र हा सहवास नित्याचा आहे. त्याची कारणे त्या देशाच्या इतिहासात आढळतात.

तेथील जनतेची उपजीविका दीर्घकाळ मासेमारीवर अवलंबून होती. तथापि पोहता येणारे थोडेच असल्याने किनारा दिसत असतानाही मच्छीमार बुडून मरत. या प्राणहानीमुळे जलतरणशिक्षणाची निकड पटू लागली. रेक्याविक येथे ग्वुद्यॉन सामुएल्सन या वास्तुविशारदाने योजिलेले जलतरणगृह १९३७ साली उघडले, आणि १९४० च्या कायद्याने शाळांतून पोहणे सक्तीचे झाले.

कायद्याचा रोख मुलांवर होता. परंतु ती मुले प्रौढ झाली, वृद्ध झाली, तरी त्यांनी तलाव सोडला नाही. भूगर्भातील उष्णोदकामुळे उघडे तलावही हिवाळ्यात चालू राहतात. मुख्य तलावाचे पाणी सामान्यतः २९ अंश सेल्सिअसच्या आसपास, तर लगतच्या कुंडांचे ३८ ते ४२ अंश असते. मुले तलावात हुंदडतात. वृद्ध कुंडात गळ्यापर्यंत बसून राजकारणाची चर्चा करतात. तत्पूर्वी विवस्त्र स्नानाचा नियम उभयतांस सारखाच लागू आहे.

सारांश, सक्तीच्या शिक्षणाने सर्व पिढ्यांना एका आवारात आणले, आणि निरनिराळ्या उष्णतेच्या पाण्याने प्रत्येकीस तेथे आपली जागा दिली.