खडीचा ठेका

१९७२ च्या दुष्काळात आमच्या गावाजवळ रस्त्याचं काम निघालं. आई-दादा दोघंही खडी फोडायला जायची. शाळा सुटली की आम्ही भावंडं पाट्या उचलायला. त्याच साली हायस्कूलच्या एका सरांनी गॅदरिंगला नृत्यनाट्य बसवलं. नाव ‘खडी’. अर्ध्या तासाचं, बोलणं एकही नाही, नुसता ढोल आणि पाय.

सर तरुणपणी राष्ट्र सेवा दलात होते. सेवा दल पुण्यात ४ जून १९४१ ला निघालं, एस. एम. जोशी दलप्रमुख. कवायत, खेळ, बौद्धिकं सगळं होतं, पण खेड्यातल्या माणसाला सेवा दल कळलं ते कलापथकामुळं. वसंत बापट, लीलाधर हेगडे त्यात होते. पु. ल. देशपांड्यांनी ‘पुढारी पाहिजे’ हे लोकनाट्य कलापथकासाठीच लिहिलं. निळू फुले, राम नागरकर तिथंच तयार झाले. हे सगळे सांगतात. नाचाचं मात्र कुणी फारसं काढत नाही. बापटांच्या ‘महाराष्ट्र दर्शन’मध्ये गाण्याबरोबर नाच होता, आणि घरंदाज घरातल्या मुली मुलांच्या जोडीनं स्टेजवर उतरायच्या. मला विचाराल तर कलापथकाचं हे काम वगापेक्षा मोठं. कारण आमच्याकडं बाईच्या पायात चाळ म्हंजे तमाशा. तमाशात फेटा उडवणारा गडी घरच्या पोरीला उंबऱ्याच्या आत ठेवायचा, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही.

सरांनी पाय कुठनं आणले? धनगरवाड्यावरनं. बिरोबाच्या जत्रेत गजी खेळतात, रुमाल उडवत, ढोलाच्या ठेक्यावर. सरांनी तेच पाय घेतले आणि रुमालाच्या जागी हातोडा दिला. तीन ठोक्यात हात वर, चौथ्याला वाकून खाली. ढोलाला वाड्यावरचेच एक तात्या. तात्या म्हणायचे, “मास्तर, आमचा देव कामावर लावला का तुम्ही?” पण वाजवायचे जीव लावून.

शेवट असा होता. मुकादम हजेरी घेतो, एकेकीचं नाव हातानंच पुकारतो, एकेक बाई उभी राहते. एक उठत नाही. ढोल थांबतो. बस्स.

ती न उठणारी बाई म्हंजे आमची आक्का. नववीत होती. महिनाभर तालमीला गेली, घरी सांगितलं जादा तास आहेत. मला माहीत होतं. एकदा पेन्सिलीवरनं आमचं भांडण झालं आणि रात्री जेवताना मी दादांना सांगून टाकलं. दादा ओरडले नाहीत. भाकरी तशीच ठेवून उठले. सकाळी म्हणाले, “आपल्या घरातली पोर ढोलावर नाचायची न्हाई. शाळा बी बास झाली.”

सर घरी आले. दादांनी त्यांना घोंगडं टाकलं, चहा दिला, आणि ऐकलं नाही.

गॅदरिंगला आक्काच्या जागी दहावीतला एक पोरगा लुगडं नेसून उभा केला. शेवटी तो पडला तसा पदर सरकला, गंगावन निसटलं, आणि सगळं गाव हसलं. ढोल थांबला तरी हसणं थांबेना. पुढच्या रांगेत खडीवरच्याच बाया बसलेल्या, त्याही हसत होत्या. आई तेवढी हसली नाही. सर पडद्यामागं ट्रंकेवर बसून राहिले. पुढं त्यांची बदली झाली, ‘खडी’ परत कुठं झालं नाही. पुढच्या उन्हाळ्यात आक्काचं लग्न झालं.

मुंबईची भाची, आक्काची थोरली, मध्ये सांगत होती. तिथं झेलम परांजपे यांनी १९८९ साली ‘स्मितालय’ ही ओडिसी नाचाची शाळा काढली, मैत्रीण स्मिता पाटील हिच्या नावानं. झेलमताई सेवा दलाच्याच वाटेनं आलेल्या. त्यांच्या आई सुधा वर्दे कलापथकात नाचायच्या. त्यांनी भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’वर नाच बसवला. गणितावर! मला आधी थट्टाच वाटली. मग वाटलं, खडीवर बसतो तर गणितावर का बसू नये.

आक्का शेजारी शेंगा फोडत बसली होती. तिनं एवढंच विचारलं, “पोरी किती असत्यात गं त्यात?”