टाक्याखालचं टाकं

माणसानं उतारवयात बेडशाला घर बांधावं, इथवर ठीक. पण त्यात पाचशे लिटरचं मत्स्यालय ठेवावं, हा आमच्या हिच्या मते निव्वळ ग्रहांचा खेळ. मी दर रविवारी फिल्टरचा स्पंज ब्लीचिंग पावडरीनं धुऊन शुभ्र करी आणि मंगळवारी एखादा मासा पोट वर करून तरंगे. "तुमची स्वच्छता सोसत नाही त्यांना," ही म्हणाली. मला तो टोमणा वाटला. ते शास्त्र होतं.

घरात कुणी आजारी पडलं की लोक डॉक्टर गाठतात. मी पुस्तक गाठतो. १८५० साली लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टननं पाण्याच्या भांड्यात दोन सोनमासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी यांचा संसार मांडून दाखवला. वनस्पतीनं प्राणवायू द्यायचा, गोगलगायींनी कुजकी पानं खायची. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मासे पाहायला झुंबड उडाली. मग हौशी लोकांच्या घरी काचेच्या पेट्या आल्या आणि अर्थातच मासे मरू लागले. म्हणजे माझं घराणं जुनं! पुढे १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्कीनं दाखवलं की काही जिवाणू अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. माशांच्या घाणीतलं विष उतरवणारे हेच जिवाणू स्पंजात वस्ती करतात. मी रविवारी स्पंज धूत नव्हतो, गाव जाळत होतो.

आता फिल्टर कुठला घ्यावा? दुकानदारानं बंद डब्याचा दाखवला. दिसायला देखणा, पण मावळात पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि बंद डब्यात जिवाणू गुदमरतात. डोकं शांत करायला लेण्यांच्या पायऱ्या चढलो. चैत्यगृहाजवळ खडकात कोरलेल्या पाण्याच्या टाक्यांपाशी गावचे एक आजोबा बसले होते.

"आजोबा, शेवाळ कशानं धरतं हो?"

"उन्हानं, दादा. पाण्याला सावली द्यावी आन् ढवळू नये."

घरी येऊन पुन्हा पुस्तक उघडलं. १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या मत्स्यालयात लॉइड यांनी हेच केलं होतं: प्रेक्षकांना दिसेल त्याच्या कितीतरी पट पाणी खाली अंधाऱ्या टाकीत ठेवून सतत फिरवत राहायचं. ठरलं! मत्स्यालयाखाली दुसरं, उघडं टाकं. त्यात स्पंज, दगडगोटे आणि एक पंप.

पहिल्याच रात्री वीज गेली. पंप थांबला, वरचं पाणी खाली उतरलं आणि काठोकाठ भरलेलं खालचं टाकं दिवाणखान्यात आलं. तेव्हा समजलं, खालच्या टाक्यात परतणाऱ्या पाण्यापुरती जागा रिकामी ठेवावी लागते. हिनं मध्यरात्री फडकं माझ्या हाती दिलं, आणि सकाळी भिशीच्या पैशांतून मोठं टाकंही घेऊन दिलं.

आता स्पंज मी मत्स्यालयाच्याच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळतो, तेही क्वचित. उरलेले अकरा मासे अकराच आहेत.

लेण्यातल्या एका टाक्यावर ब्राह्मी लेख आहे: महाभोजाची मुलगी महारठिनी सामडिनिका हिचं दान. नवऱ्याचं, आपदेवणकाचं, नाव त्यात शेवटी येतं. हे हिला सांगायला नको होतं. आमच्या खालच्या टाक्यावर परवा खडूनं लेख उमटलाय. माझं नाव शेवटी आहे.