घरचा डिजिटल चित्रपट संग्रह : कॅसेट, व्हीसीडी बंद पडण्याआधी काय करावं?

बेळगाव, खानापूर, निपाणीपासून गोवा, इंदूर, बडोद्यापर्यंतच्या मराठी घरांत कपाटाच्या वरच्या कप्प्यात तीन प्रकारचा ऐवज हमखास सापडतो. लग्न-मुंजीच्या व्हीएचएस कॅसेट, मराठी सिनेमांच्या व्हीसीडी आणि फोटोग्राफरनं मार्करनं नाव घालून दिलेल्या डीव्हीडी. हा ऐवज चालवणारी यंत्रं मात्र घरातून गेली. नव्या लॅपटॉपला सीडीचा खण नसतो. व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची कंपनी, जपानची फुनाई, हिनं 2016 मध्येच उत्पादन थांबवलं.

सीमाभागात आणि परराज्यांत या संग्रहाला आणखी एक किंमत आहे. कन्नड, गुजराती, हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलांच्या कानावर सलग दोन तास मराठी पडण्याची जागा म्हणजे बऱ्याचदा घरातला टीव्हीच. जवळच्या थिएटरात मराठी सिनेमा लागलाच तर एखाद-दुसरा शो, तोही आठवडाभर. त्यामुळे घरचा संग्रह नीट लावून ठेवणं हे हौसेच्या पलीकडचं काम ठरतं. त्यासाठी फार खर्च किंवा इंजिनिअरची गरज नाही. क्रम मात्र बरोबर हवा.

आधी काय वाचवायचं?

नियम सोपा आहे. जे दुसरीकडे कुठंच मिळणार नाही, ते आधी.

1. घरगुती व्हीएचएस कॅसेट : लग्न, बारसं, आजोबांची एकसष्टी, गावची जत्रा. यांची दुसरी प्रत जगात नसते.
2. मार्करनं लिहिलेल्या डीव्हीडी-सीडी : या कंपनीत छापलेल्या नसतात, रंगद्रव्याच्या थरावर ‘राइट’ केलेल्या असतात. हा थर छापील सीडीपेक्षा लवकर खराब होतो.
3. बाजारात आता न मिळणाऱ्या मराठी सिनेमांच्या व्हीसीडी.
4. ओटीटीवर किंवा निर्मात्याच्या अधिकृत यूट्यूब चॅनेलवर असलेले सिनेमे : हे सगळ्यात शेवटी.

बरेच जण नेमकं उलट करतात. नवे सिनेमे गोळा करून हार्ड डिस्क भरते आणि लग्नाची कॅसेट तशीच राहते.

ओटीटी असताना संग्रह कशाला?

ओटीटीवरचा सिनेमा भाड्याच्या घरासारखा असतो. कंपनीचा निर्मात्याशी झालेला करार संपला की तो यादीतून निघतो. ॲपमध्ये ‘डाउनलोड’ केलेली प्रतही त्याच ॲपमध्ये चालते आणि ठरावीक मुदतीनंतर बंद होते. वर्गणी थांबली की सगळंच थांबतं.

जपणूक झाली नाही तर काय होतं, याचा अनुभव भारतीय सिनेमाला आहे. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ (1931) याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुण्यात 2003 साली लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळाला. घरातल्या कॅसेटला आग लागावी लागत नाही, खानापूरकडचा एक पावसाळा पुरतो.

जागेचा हिशेब

डिस्क घेण्याआधी घरातला माल मोजावा. साधारण मापं अशी :

- व्हीसीडीवरचा अडीच तासांचा सिनेमा : दीड जीबी
- डीव्हीडी : 4 ते 7 जीबी
- व्हीएचएस कॅसेट चांगल्या दर्जानं उतरवली तर : तासाला साडेतीन जीबी
- फुल एचडी सिनेमा : 2 ते 4 जीबी

समजा, घरात 60 व्हीसीडी सिनेमे, 20 डीव्हीडी आणि तीन-तीन तासांच्या 10 कॅसेट आहेत. व्हीसीडीचे 90 जीबी, डीव्हीडीचे सरासरी 6 जीबीप्रमाणे 120 आणि कॅसेटचे 105. एकूण 315 जीबी. ‘1 टीबी’ लिहिलेली डिस्क कॉम्प्युटरवर 931 जीबीच दाखवते. यात फसवणूक नाही, मोजण्याची पद्धत वेगळी आहे. तरीही त्या डिस्कवर हा संग्रह दोनदा मावेल. म्हणून 4 टीबीची एकच मोठी डिस्क घेण्यापेक्षा 1 टीबीच्या दोन वेगळ्या डिस्क घेणं शहाणपणाचं. दुसरी कशासाठी, ते पुढं येईल.

कॅसेट उतरवताना

चालू व्हीसीआर मिळवणं हे यातलं खरं काम. नातेवाइकांत, जुन्या फोटो स्टुडिओत किंवा टीव्ही दुरुस्तीवाल्याकडं चौकशी करावी. व्हीसीआरच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरी यूएसबी कॅप्चर कार्डला जोडायच्या आणि ‘ओबीएस स्टुडिओ’सारख्या मोफत सॉफ्टवेअरनं रेकॉर्ड करायचं. तीन तासांच्या कॅसेटला तीनच तास लागतात, घाई करता येत नाही.

कॅसेट घालण्याआधी तिची झडप उघडून टेप पाहावी. कडेला पांढरट पावडर दिसली तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट यंत्रात घालू नये. टेप तुटू शकते, शिवाय यंत्राच्या हेडला लागलेली बुरशी पुढच्या चांगल्या कॅसेटवर जाते. ती जाणकाराकडून साफ करून घ्यावी.

सीडी-डीव्हीडी उतरवताना

यूएसबीवर चालणारा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह लागतो. सीडी मऊ कापडानं मधून बाहेरच्या कडेकडं पुसावी, गोल गोल पुसू नये. व्हीसीडीतल्या ‘एमपीईजीएव्ही’ फोल्डरमधल्या मोठ्या ‘डॅट’ फाइल कॉपी कराव्यात. त्या ‘व्हीएलसी’वर थेट चालतात. लग्नाच्या डीव्हीडीतलं ‘व्हिडिओ टीएस’ फोल्डर जसंच्या तसं उतरवून ‘हँडब्रेक’ या मोफत सॉफ्टवेअरनं त्याची एक सलग फाइल करता येते.

फाइल ‘एमपी4’, चित्र ‘एच.264’ आणि आवाज ‘एएसी’ ठेवला तर ती जवळपास प्रत्येक टीव्ही-मोबाइलवर चालते. ‘चित्र दिसतं पण आवाज येत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा टीव्हीला आवाजाचा प्रकार न कळल्यामुळं येते. तेव्हा आवाज ‘एएसी’त बदलून घ्यावा.

दर्जाबद्दल अपेक्षा माफक ठेवावी. व्हीसीडीचं चित्र 352 × 288 बिंदूंचं असतं, फुल एचडी टीव्हीचं 1920 × 1080, म्हणजे वीसपट. फाइल ‘एचडी’त बदलून जागा तेवढी वाढते, नसलेला तपशील येत नाही.

टीव्हीवर दाखवायचे तीन मार्ग

*पहिला : डिस्क थेट टीव्हीला.* सगळ्यात स्वस्त. मात्र ‘फॅट32’ पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या डिस्कवर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. टीव्हीला चालत असेल तर ‘एक्सफॅट’ किंवा ‘एनटीएफएस’ वापरावं. फॉरमॅट केल्यावर डिस्कवरचं सगळं पुसलं जातं, हे विसरू नये.

*दुसरा : जुना लॅपटॉप आणि ‘जेलीफिन’.* हे मोफत सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाकून त्याला सिनेमांचं फोल्डर दाखवायचं. मग टीव्ही, मोबाइल, टॅबवर पोस्टर आणि माहितीसह ओटीटीसारखी यादी दिसते. घरातल्या प्रत्येकाला वेगळं खातं देता येतं आणि अर्धा राहिलेला सिनेमा तिथूनच पुढं सुरू होतो. सिनेमा घरातल्या वायफायवरून येतो, त्यामुळं इंटरनेटचा डेटा खर्च होत नाही. नेट फक्त पोस्टर-माहिती आणायला लागतं. बाहेर नेट गेलं तरी सिनेमा चालू राहतो.

*तिसरा : नॅस.* दोन डिस्क असलेली ही स्वतंत्र पेटी. एका डिस्कवरचं दुसरीवर आपोआप उतरतं. एकत्र कुटुंब, तीन-चार टीव्ही असतील तर ठीक, चौघांच्या घराला दुसरा मार्ग पुरतो.

विजेचं बिल

यंत्र दिवसरात्र चालू ठेवणार असाल तर हा हिशेब आधी करावा. 80 वॅट खाणारा जुना डेस्कटॉप 24 तासांत 1.92 युनिट खातो, म्हणजे महिन्याला सुमारे 58 युनिट. 15 वॅटचा लॅपटॉप किंवा मिनी पीसी महिन्याला सुमारे 11 युनिट. हेस्कॉम, महावितरण किंवा गोव्याचा वीज विभाग, आपापल्या दरानं गुणून पाहावं. कर्नाटकातल्या गृहज्योती लाभार्थ्यांनी जास्त जपावं. महिन्याचा वापर 200 युनिटच्या वर गेला की पूर्ण बिल भरावं लागतं. 150-160 युनिटच्या घरात जुना डेस्कटॉप 24 तास चालू राहिला तर ‘फुकटचा’ सिनेमा महागात पडेल. संध्याकाळी चार तासच यंत्र लावलं, तर हाच डेस्कटॉप दहा युनिटांच्या आत राहतो.

नावं, यादी आणि सबटायटल

प्रत्येक सिनेमाला वेगळं फोल्डर करावं आणि त्याला सिनेमाचं नाव व कंसात वर्ष द्यावं. वर्ष गरजेचं आहे, कारण ‘श्यामची आई’ 1953 चाही आहे आणि 2023 चाही. जेलीफिनला सिनेमा ओळखता आला नाही, तर नाव रोमन लिपीत लिहून पाहावं.

घरगुती चित्रणाचं फोल्डर वेगळं ठेवावं आणि त्यासोबत एक वही किंवा एक्सेल शीट करावी : तारीख, गाव, प्रसंग आणि त्यात दिसणारी माणसं. हे काम आजी-आजोबा, आत्या, थोरले काका यांच्या शेजारी बसून करायचं आहे. पंगतीत तिसरा बसलेला माणूस कोण, हे सांगणारं कुणी उरलं नाही तर स्वच्छ उतरवलेली कॅसेटही अनोळखी माणसांची होते.

सून कन्नड बोलणारी असेल किंवा नातवंडांना मराठी वाचता येत नसेल तर सबटायटल कामाला येतात. ‘एसआरटी’ फाइलला सिनेमाच्या फाइलचंच नाव देऊन त्याच फोल्डरमध्ये ठेवावं. देवनागरी किंवा कन्नड अक्षरांच्या जागी चौकोन किंवा चिन्हं दिसली तर ती फाइल ‘यूटीएफ-8’ प्रकारात पुन्हा सेव्ह करावी.

मुलांसाठी

सेन्सॉरचं प्रमाणपत्र पाहून मुलांचं खातं वेगळं करावं. 2024 च्या नियमांनुसार ‘यूए’ वर्गात आता 7+, 13+ आणि 16+ असे तीन भाग आहेत. जुन्या मराठी सिनेमांची वयाची माहिती जेलीफिनला अनेकदा मिळत नाही, म्हणून मुलांसाठी स्वतः निवडलेलं वेगळं फोल्डर ठेवणं सोपं. ‘एक डाव भुताचा’ (1982), ‘श्वास’ (2004), ‘टिंग्या’ (2008), ‘एलिझाबेथ एकादशी’ (2014) अशा नावांनी सुरुवात करता येईल.

कायदा काय सांगतो?

- कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 52 मध्ये खासगी वापरासाठी योग्य व्यवहाराची सवलत आहे. ती विकायला, नेटवर टाकायला किंवा गणेश मंडळाच्या पडद्यावर दाखवायला लागू नाही. मंडळाला हक्कधारकाची परवानगी लागते.
- कंपनीच्या अनेक डीव्हीडींना कॉपी रोखणारं डिजिटल कुलूप असतं. हक्कभंगाच्या हेतूनं ते तोडणं हा कलम 65 अ नुसार गुन्हा असून दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अशा डीव्हीडी मूळ स्वरूपातच जपाव्यात आणि प्लेअरवर पाहाव्यात.
- चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून 60 वर्षं असतो. त्यामुळं प्रभातचे ‘संत तुकाराम’ (1936), ‘कुंकू’ (1937), ‘माणूस’ (1939) या मुदतीबाहेर गेले आहेत. 1953 च्या ‘श्यामची आई’ची मुदत 2013 अखेर संपली. ‘पिंजरा’ (1972) मात्र 2032 अखेरपर्यंत संरक्षित आहे.
- थिएटरात मोबाइलवर सिनेमा रेकॉर्ड करण्याला 2023 च्या दुरुस्तीनुसार किमान तीन महिने कैद आणि किमान 3 लाख रुपये दंड आहे. अशा प्रती घरच्या संग्रहात घेऊ नयेत.

दुसरी प्रत नसेल तर संग्रह नाही

हार्ड डिस्क एक दिवस बंद पडणारच, हे धरून चालावं. घरगुती चित्रणाच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर आणि त्यातली एक घराबाहेर, हा जगभर पाळला जाणारा नियम आहे. एक प्रत पुण्याच्या मुलाकडं किंवा बडोद्याच्या मामांकडं ठेवली की काम झालं. पुन्हा मिळू शकणाऱ्या सिनेमांना दोन प्रती पुरेत. गुगलची मोफत 15 जीबी जागा चार-पाच सिनेमांतच भरते, ती लग्नाच्या निवडक भागासाठी राखावी.

नॅसमधली दुसरी डिस्क ही सुरक्षित प्रत नव्हे. एकीवरून चुकून पुसलं तर दुसरीवरूनही जातं. पेन ड्राइव्ह वर्षानुवर्षं कपाटात ठेवून त्यावर विसंबू नये, त्यातली माहिती हळूहळू उडू शकते. कपाटातली डिस्क दर दिवाळीला काढून दोन-चार फाइल चालवून पाहाव्यात. वळवाच्या विजा चमकू लागल्या की डिस्क आणि यंत्राचा प्लग काढून ठेवावा. मूळ कॅसेट-डीव्हीडी उतरवून झाल्यावरही टाकू नयेत. कोरड्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून, उभ्या ठेवाव्यात.

सुरुवात कशी करावी?

पहिल्या रविवारी फक्त मोजणी आणि यादी. दुसऱ्या रविवारी मार्करनं लिहिलेल्या डीव्हीडी, कारण त्याला फक्त ड्राइव्ह लागतो. तोवर व्हीसीआरची चौकशी सुरू ठेवावी आणि तो मिळाला की रोज एक कॅसेट उतरवावी. दहा कॅसेटना दहा दिवस. व्हीसीडी त्यानंतर, आणि जेलीफिन, पोस्टर, सबटायटल ही सजावट सगळ्यात शेवटी.