मुळांवरच्या गाठी आणि हरवणारे प्लाझ्मिड

कडधान्याचा बेवड ज्वारीला मानवतो, हे सोलापूरकडच्या शेतकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्याचे कारण मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उलगडले. मुळांवरच्या गाठींमुळे ही झाडे हवेतला नायट्रोजन वापरतात, हे हेलरीगेल आणि विल्फार्थ या जर्मन संशोधकांनी १८८६ साली दाखवले. १८८८ मध्ये हॉलंडच्या बायेरिंकने गाठींतले जिवाणू वेगळे करून वाढवले.

गाठी करण्याचे हे कसब जिवाणूत कोठे साठवलेले असते? मुख्य गुणसूत्राखेरीज जिवाणूत डीएनएच्या लहानमोठ्या, बहुधा वर्तुळाकार कड्या असू शकतात. गुणसूत्राबाहेरच्या अशा आनुवंशिक घटकांना १९५२ साली जोशुआ लेडरबर्ग यांनी 'प्लाझ्मिड' हे नाव दिले. प्लाझ्मिड एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकते. पेशीविभाजनात ते गळूनही पडू शकते.

१९७८ साली इंग्लंडमधील नॉर्विच येथे जॉन्स्टन व सहकाऱ्यांनी वाटाण्याच्या जिवाणूतील प्लाझ्मिड घेवड्याच्या जिवाणूत संक्रमित केले. तो आता वाटाण्यावर गाठी करू लागला! त्याच सुमारास पोलंडमध्ये झुरकोव्स्की आणि लॉर्किएविच यांनी क्लोव्हर या चाऱ्याच्या पिकाचे जिवाणू ३५ अंश सेल्सियसला वाढवले. पुष्कळ जिवाणू जगले, पण गाठी करीनासे झाले. त्यांच्यातले प्लाझ्मिड नाहीसे झाले होते.

आपल्याकडील मेथी आणि लसूणघास यांच्या मुळांवर सायनोऱ्हायझोबियम मेलिलोटी हा एकच जिवाणू गाठी करतो. त्याचा संपूर्ण जनुकसंच २००१ मध्ये वाचला गेला. गाठी करण्याची आणि नायट्रोजन स्थिरीकरणाची प्रमुख जनुके सुमारे साडेतेरा लाख अक्षरजोड्यांच्या एका प्रचंड प्लाझ्मिडवर आहेत. हा नियम सरसकट नाही. तुरीच्या जिवाणूंत ही जनुके बहुधा गुणसूत्रावरच असतात.

सोलापूरचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. जिवाणू खताचे पाकीट उन्हात राहिले तर त्यातले जिवाणू मरतात, हे तर खरेच. पण पोलंडमधील प्रयोग आणखी एक गोष्ट सांगतो: जिवाणू जिवंत असणे आणि तो उपयोगी असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून पाकीट थंड जागी, सावलीत ठेवावे.

वर्गात हे पडताळता येईल. मेथीचे रोप मातीच्या ढेकळासह उपटून मुळे पाण्यात हलकेच धुवावीत आणि गाठ कापून पाहावी. आतून गुलाबी दिसली तर काम चालू आहे असे समजावे. पांढरी किंवा हिरवट दिसली, तर का, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.